साखरपुडा झाला, लग्न बाकी: जोडीदाराचा व्हिसा मिळेल का?

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)



जळगाव-धुळ्याकडून येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न वारंवार असतो. पोरगा तिकडे नोकरीला, पोरगी इकडे. साखरपुडा झालाय. लग्नाची तारीख तुळशीच्या लग्नानंतरची, कारण चातुर्मासात कोणी मांडव टाकत नाही. मग विचारतात, "लग्नाशिवायपण पार्टनर व्हिसा मिळतो म्हणे. तो काढून तिला आधीच पाठवली तर?"

दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो. "आम्ही दोघं पुण्यात दोन वर्षांपासून एकत्र राहतो. घरी सांगितलेलं नाही. आम्हाला तो व्हिसा चालेल का?"

दोघांचंही लग्न झालेलं नाही, म्हणून दोन्ही प्रश्न एकच वाटतात. पण व्हिसा देणाऱ्याच्या टेबलावर ही दोन अगदी वेगळी प्रकरणं आहेत. गंमत अशी, की घरच्यांच्या नजरेत ज्यांचं नातं पक्कं, म्हणजे साखरपुडावाले, त्यांच्याकडे बहुतेक वेळा या व्हिसासाठी लागणारा एकही पुरावा नसतो. आणि ज्यांचं नातं घरी माहीतच नाही, त्यांच्याकडे तो निघू शकतो. आज हेच नीट उलगडू. आणि या गोंधळातून आपल्याकडे जो शॉर्टकट निघालाय, "आधी रजिस्टर करून घेऊ, मांडव नंतर", त्याबद्दल सुप्रीम कोर्ट काय म्हणालंय तेही बघू. तो भाग चुकवू नका.

आधी तीन दारं ओळखा

पहिलं दार नवरा-बायकोचं. लग्न झालंय, प्रमाणपत्र आहे.

दुसरं दार वाग्दत्त जोडप्याचं, म्हणजे फियान्से व्हिसा. लग्न ठरलंय, आणि ते त्या देशात जाऊन ठरलेल्या मुदतीत करायचंय.

तिसरं दार अविवाहित जोडीदाराचं. याला ऑस्ट्रेलियात डी फॅक्टो म्हणतात, कॅनडात कॉमन-लॉ, ब्रिटनमध्ये अनमॅरीड पार्टनर. इथे लग्न ठरलंय की नाही हा प्रश्नच नसतो. तुम्ही लग्न झाल्यासारखं आयुष्य आजवर जगलात का, हे विचारतात. "जगणार आहोत" हे उत्तर चालत नाही. "जगलो" हे कागदावर दाखवावं लागतं.

साखरपुडा हा पुढच्या लग्नाचा शब्द आहे. म्हणून तो दुसऱ्या दाराशी उपयोगी पडतो, तिसऱ्या दाराशी जवळपास नाही. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की पुढचं सगळं सोपं.

आणखी एक गोष्ट पहिल्यांदा विचारा: तिकडचा माणूस तिकडे कशावर आहे? नागरिक आहे, पीआर आहे, नोकरीच्या व्हिसावर आहे, की शिकायला गेलाय? देश एकच असला तरी या चौघांसाठी नियम वेगळे असतात.

देशागणिक काय लागतं

ब्रिटन. पूर्वी अविवाहित जोडीदाराला दोन वर्षं एकत्र राहिल्याचं दाखवावं लागायचं. ३१ जानेवारी २०२४ पासून व्याख्या बदलली. आता निदान दोन वर्षं लग्नासारखं नातं असायला हवं. सबंध दोन वर्षं एकाच छताखाली काढलीच पाहिजेत असं नाही. पण एकत्र राहिला नसाल, तर का नाही ते सांगावं लागतं, आणि नातं "लग्नासारखं" कशावरून, हे इतर पुराव्यांनी भरून काढावं लागतं. नुसतं "दोन वर्षांपासून बोलतोय" एवढ्यावर होत नाही. तिकडचा जोडीदार नागरिक किंवा कायम रहिवासी असेल, तर उत्पन्नाची अट आहे. ११ एप्रिल २०२४ पासून ती वर्षाला १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंड झाली, म्हणजे तीस लाख रुपयांहून जास्त. आणि इकडे जळगावात तिचा पगार कितीही असो, तो यात धरत नाहीत. शिवाय इंग्रजीची प्राथमिक परीक्षा आणि मान्यताप्राप्त दवाखान्यातली टीबीची तपासणी. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. ३३ महिन्यांच्या व्हिसाला तो ३,१०५ पौंड होतो, आणि अर्जाची फी वेगळी. फियान्से व्हिसाही आहे. तो सहा महिन्यांचा, त्या मुदतीत लग्न करायचं, आणि तोवर नोकरी करता येत नाही.

पोरगा तिकडे नुसता शिकायला गेला असेल, तर एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवा. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना संशोधनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सोडले, तर बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार नेताच येत नाही. एमएस्सी, एमबीएला गेलेल्यासाठी लग्न झालेलं असो वा नसो, दार बंदच.

ऑस्ट्रेलिया. इथे पार्टनर व्हिसासाठी अर्जाच्या आधी साधारण १२ महिने डी फॅक्टो नातं असावं लागतं. व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्ससारख्या काही राज्यांत नात्याची नोंदणी करता येते. ती केली तर १२ महिन्यांची अट सुटते, पण नातं खरं असल्याचे पुरावे सुटत नाहीत. भारतातून अर्ज केला तर सबक्लास ३०९, तिथे असताना केला तर ८२०. फी नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, आणि अर्ज नाकारला म्हणून ती परत मिळत नाही. साखरपुडा झालेल्यांसाठी वेगळा सबक्लास ३०० आहे. त्यात दोघं प्रौढपणी प्रत्यक्ष भेटलेले असावे लागतात आणि लग्नाचा खरा इरादा दाखवावा लागतो. फक्त व्हिडिओ कॉलवर ठरलेलं लग्न इथे अडतं.

कॅनडा. कॉमन-लॉ म्हणजे सलग १२ महिने एकत्र राहणं. "सलग" या शब्दावर इथे भर आहे. कामासाठी चार दिवस गावाला गेलात तर बिघडत नाही, पण तो टोरांटोत आणि ती धुळ्यात असेल तर कॉमन-लॉ होत नाही. फियान्से व्हिसा हा प्रकार कॅनडात नाही. "कॉन्जुगल पार्टनर" नावाचा एक वर्ग आहे. त्यात किमान वर्षभराचं नातं हवं, आणि कायद्याच्या किंवा व्हिसाच्या अडचणीमुळे एकत्र राहणं किंवा लग्न करणं शक्य नव्हतं असं दाखवावं लागतं. "घरचे तयार नाहीत" एवढं कारण सहसा तिथे पुरत नाही.

न्यूझीलंड. इथेही राहण्याच्या परवान्यासाठी १२ महिने एकत्र राहिल्याचं दाखवावं लागतं. पण घरच्यांनी ठरवलेल्या लग्नात हे होणार कसं, हे त्या देशाने ओळखलेलं आहे. म्हणून परंपरेनुसार दोन्ही घरांनी जुळवलेल्या लग्नासाठी तिथे एक वेगळा अल्पमुदतीचा व्हिसा आहे. तिकडचा जोडीदार नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो. आपल्याकडच्या बघून-सवरून केलेल्या लग्नाला इतका थेट बसणारा प्रकार इतर देशांत क्वचितच.

अमेरिका. इथे तिसरं दार नाहीच. अविवाहित जोडीदार म्हणून व्हिसा मिळत नाही. एच-१बी वाल्याच्या मागे एच-४ वर फक्त लग्नाची बायको किंवा नवरा जातो. फियान्सेसाठी के-१ आहे, पण तो फक्त अमेरिकन नागरिकच मागू शकतो. ग्रीन कार्डवाला नाही. त्यातही अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत एकदा तरी प्रत्यक्ष भेट झालेली असावी लागते आणि तिथे पोहोचल्यावर ९० दिवसांत लग्न करावं लागतं.

जर्मनी. इथेही कुटुंबाचा व्हिसा मुख्यतः लग्नाच्या जोडीदाराला. बऱ्याच जणांना त्याआधी ए-१ पातळीचं जर्मन लागतं. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. उलट नेदरलँड्समध्ये अविवाहित जोडीदार चालतो, पण दोघंही अविवाहित असल्याचा अधिकृत कागद लागतो.

नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारचं पान स्वतः उघडून वाचा. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र पुरेसं नाही.

"लग्नासारखं नातं" म्हणजे नेमकं काय

हे काही परदेशी डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपल्याकडच्या २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात "विवाहाच्या स्वरूपाचे नाते" हा शब्दप्रयोग आहे. सुप्रीम कोर्टाने २०१० च्या एका निकालात त्याच्या कसोट्या सांगितल्या: दोघं कायद्याने सज्ञान, लग्नाला पात्र, स्वेच्छेने बऱ्यापैकी काळ एकत्र राहिलेले, आणि समाजात नवरा-बायकोसारखे वावरलेले. त्याही आधी, १९७८ मध्ये, एका जोडप्याच्या पन्नासेक वर्षांच्या सहजीवनावरून कोर्टाने ते विवाहित असल्याचं गृहीत धरलं होतं. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा समाजात तर दोघं आधी राहू लागतात आणि देज, पंच, समारंभ मागून होतात, असं घडत आलेलं आहे. तेव्हा एकत्र राहणं ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. अनोळखी आहे ते त्याची नोंद ठेवणं.

ऑस्ट्रेलियाच्या नियमांत या पुराव्यांची चार अंगं दिलेली आहेत. इतर देशही कमी-जास्त तेच बघतात, म्हणून तीच धरून चालू.

पहिलं, पैसा. घरभाडं, किराणा, वीजबिल कोण भरतं? संयुक्त खातं असेल तर उत्तम. लग्न न झालेल्या दोघांनाही बँकेत ते उघडता येतं. नसेल तर यूपीआयचा इतिहास कामाचा असतो. दर महिन्याच्या पाच तारखेला तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात अर्धं भाडं जातंय, हे वर्षभराचं स्टेटमेंट शंभर फोटोंपेक्षा जास्त बोलतं.

दुसरं, घर. पुण्या-मुंबईत राहत असाल तर भाडेकरार, म्हणजे लिव्ह अँड लायसन्स, दोघांच्या नावावर करा. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे नोंदवलेल्या करारावरच्या तारखेवर कोणी शंका घेत नाही. इथे एक अगदी आपल्याकडची मेख आहे. आपला करार बहुतेक वेळा ११ महिन्यांचा असतो आणि तिकडची अट १२ महिन्यांची! म्हणजे एका कराराने काम भागत नाही. नूतनीकरणाचा दुसरा करार, तोही दोघांच्या नावाचा, जोडावा लागतो. पुष्कळ ठिकाणी करार एकाच्याच नावावर असतो, कारण मालकाला सांगितलेलं असतं की "मी एकटाच". मग दुसऱ्याच्या नावावर आलेली कुरिअर, गॅसचं बिल, बँकेचा पत्ता असं जे त्या घराशी जोडलेलं आहे ते गोळा करा.

तिसरं, समाज. तुमचं नातं कोणाकोणाला माहीत आहे? मित्रांच्या लग्नांत दोघं मिळून गेलात का? पुणे ते जळगाव एकाच पीएनआरवर दोघांचं तिकीट आहे का? ऑस्ट्रेलियासाठी ओळखीच्या दोन प्रौढ माणसांचे लेखी जबाब लागतात, आणि ते तिथले नागरिक किंवा कायम रहिवासी असावे लागतात. घरी लपवलेल्या नात्याची कमजोर बाजू हीच आहे. आई-वडिलांना माहीत नाही म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. पण का माहीत नाही ते प्रामाणिकपणे लिहायला हवं, आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी नावानिशी सांगायला हवं.

चौथं, बांधिलकी. किती काळ ओळख, कधीपासून एकत्र, पुढचा बेत काय, आजारपणात कोणी कोणाचं काय केलं. हे दोघांनी आपापल्या शब्दांत, वेगवेगळं लिहायचं. कॉपी-पेस्ट केलेली दोन निवेदनं लगेच ओळखू येतात.

आणि नोटरीकडचं "लिव्ह-इन ॲग्रीमेंट"? कोर्टाच्या आवारात स्टॅम्प पेपरवर ते करून मिळतं. पण त्यावर आजची तारीख असते, आणि आजचा कागद मागच्या दोन वर्षांबद्दल फारसं सिद्ध करत नाही. उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली आहे. महाराष्ट्रात तसा कायदा नाही, त्यामुळे "सरकारी लिव्ह-इन प्रमाणपत्र काढून देतो" असं इथे कोणी म्हणालं तर दोन पावलं मागे सरका.

आता शॉर्टकट: "रजिस्टर करून घेऊ"

साखरपुडावाल्यांना तिसरं दार बंद, दुसरं फक्त काही देशांत. मग उरतं पहिलं. कॉलेज सप्टेंबरमध्ये सुरू, मुहूर्त नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मग घरात ठरतं: जुलैतच रजिस्टर करून प्रमाणपत्र काढू, फाईल लावू, आणि नंतर धूमधडाक्यात हळद, मांडव, पंगत. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण "रजिस्टर" या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

एक, विशेष विवाह कायदा, १९५४. यात विधी लागत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे दुय्यम निबंधक कार्यालयात, नोटीस द्यायची. नोटिशीच्या आधी निदान ३० दिवस दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात राहत असावा. नोटीस ३० दिवस लावली जाते. हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. हे लग्न त्या दिवशी, त्या टेबलावर लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर पुन्हा नवी नोटीस.

दोन, हिंदू विवाह कायदा, १९५५. यात लग्न लागतं ते विधीने, तुमच्या समाजाच्या रूढीप्रमाणे. जिथे सप्तपदी आहे तिथे सातव्या पावलावर ते पूर्ण होतं. नंतर महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत आपण जी नोंद करतो, ती झालेल्या लग्नाची नोंद असते. त्या अर्जावर लग्न लावणाऱ्याची आणि साक्षीदारांची सही असते, ती त्यासाठीच.

शॉर्टकट इथेच फसतो. विधी झालेलाच नाही, पण ओळखीच्या भटजींची सही घेतली, एखाद्या संस्थेचं "विवाह संपन्न" असं पत्र आणलं आणि नोंद केली. कागद हातात आला, पण लग्न?

१९ एप्रिल २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने याच गोष्टीचा निकाल दिला. प्रकरण वैमानिकाचं प्रशिक्षण घेतलेल्या दोघांचं होतं. साखरपुडा झाला, एका संस्थेचं प्रमाणपत्र घेऊन नोंदणी केली, मोठा समारंभ पुढे ठेवला, आणि त्याआधीच बिनसलं. घटस्फोटाचा दावा सुरू झाला. शेवटी दोघांनीच कोर्टाला सांगितलं की विधी झालेलेच नव्हते. कोर्टाने म्हटलं, विधी नाही तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न नाही, आणि लग्न नाही तर नोंदणीच्या प्रमाणपत्राने ते तयार होत नाही. प्रमाणपत्र रद्दबातल ठरलं, दोघं कधी नवरा-बायको नव्हतेच असं जाहीर झालं.

आपल्या विषयाशी थेट जोडलेली गोष्ट पुढे आहे. परदेशी व्हिसाच्या अर्जासाठी वेळ वाचावा म्हणून लोक समारंभाआधीच नोंदणी करून घेतात, याची त्या निकालात स्पष्ट दखल घेतली आहे, आणि अशी प्रथा बंद व्हावी असं कोर्टाने म्हटलंय. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या बैठकीत बसून ठरणारी ही युक्ती दिल्लीतल्या निकालपत्रात नोंदलेली आहे.

आता या टेबलावर काय काय पणाला लागतं ते बघा. नुसता कागद केला असेल आणि मुलगी त्यावर परदेशात गेली, तर तिचं तिथलं राहणं एका पोकळ प्रमाणपत्रावर उभं आहे. भांडण झालं की समोरचा म्हणू शकतो, "लग्न झालंच नव्हतं." उलट विशेष विवाह कायद्याखाली खरंच लग्न केलं आणि घरचे समजत राहिले की "ते फक्त व्हिसापुरतं होतं", तर तेही चूक. ते पूर्ण लग्न आहे. दोन महिन्यांत बिनसलं तरी साखरपुडा मोडल्यासारखं "नारळ परत" करून सुटता येत नाही. घटस्फोटाचा अर्ज साधारणपणे लग्नाला वर्ष झाल्यावरच करता येतो. तोवर दुसरीकडे लग्न नाही, आणि पुढच्या स्थळाला सांगावं लागतं की मुलगा किंवा मुलगी कायद्याने विवाहित आहे.

मग सरळ रस्ता कोणता

तारखेची अडचण खरी आहे, म्हणून उपायही तारखेचाच.

सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर विशेष विवाह कायद्याचे ३० दिवस त्यात मावत नाहीत. तेव्हा नोटीस कधी आणि कशी देता येईल हे त्याने तिकीट काढण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा.

तेवढा वेळ नसेल तर घरच्या घरी, पंचवीस माणसांत, खरा विधी करा. चातुर्मासातही पंचांगांत गौण मुहूर्त दिलेले असतात, आणि काढीव मुहूर्त गुरुजी काढून देतात. कायद्याला मुहूर्त लागत नाही, विधी लागतो. मग नोंदणी करा, आणि नोंदणीवर तीच तारीख टाका ज्या दिवशी विधी झाला. मोठी पंगत नोव्हेंबरमध्ये ठेवा, कोणी अडवत नाही. पण व्हिसाच्या फॉर्मवर लग्नाची तारीख जुलैची, आणि पत्रिकेवर "शुभविवाह" डिसेंबरचा, असं झालं तर प्रश्न येणार. पत्रिकेवर स्वागत समारंभ म्हणा, आणि फाईलमध्ये दोन ओळींचा खुलासा जोडा.

प्रमाणपत्रावर नावं पासपोर्टप्रमाणे आहेत का, हे हातात घेतानाच तपासा. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधे, कधी नाही. मुलीने नाव बदललंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. निदान व्हिसा हातात पडेपर्यंत बदलूच नका. परदेशात दाखवायच्या प्रमाणपत्रावर बऱ्याच देशांना अपोस्टिल लागतं. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. कॅनडानेही ११ जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल मानायला सुरुवात केली आहे.

"सिंगल" लिहू का?

रजिस्टर केलंय पण कोणाला सांगितलं नाही, आणि मधल्या काळात त्याने पीआरच्या अर्जात "सिंगल" लिहिलं. असं करू नका. कॅनडात पीआर घेताना ज्या बायकोची किंवा कॉमन-लॉ जोडीदाराची माहिती दिली नाही, तिला नंतर कुटुंब म्हणून बोलावणंच अडू शकतं. तुम्ही लपवलं थोड्या दिवसांसाठी, आणि दार बंद झालं कित्येक वर्षांसाठी.

खोट्या कागदांचंही तसंच. मागच्या तारखेचा भाडेकरार, उसने फोटो, बनावट पगारपत्रक. खोटी माहिती पकडली गेली तर कॅनडात पाच वर्षं बंदी, ऑस्ट्रेलियात साधारण तीन वर्षं व्हिसा नाही, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत. अमेरिकेत ती कायमचीही होऊ शकते. एजंट फी घेऊन मोकळा होतो, शिक्का तुमच्या नावावर राहतो.

ज्यांना पहिलं दारच नाही

समलिंगी जोडप्यांसाठी हा विषय सोयीचा नाही, गरजेचा आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने भारतात समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही. त्यामुळे इथून जाणाऱ्या जोडप्याकडे भारतीय विवाह प्रमाणपत्र असूच शकत नाही. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड हे देश अविवाहित जोडीदाराच्या व्याख्येत समलिंगी जोडपी धरतात. इथे लग्न करता येत नाही ही कायद्याची अडचण आहे, आणि कॅनडाच्या कॉन्जुगल वर्गात नेमकी अशीच अडचण विचारात घेतली जाते. चोपड्याहून किंवा शिरपूरहून पुण्यात येऊन राहणाऱ्या दोघांनी पहिल्या महिन्यापासून भाडेकरार आणि खर्चाच्या नोंदी जपल्या, तर पुढे त्याच कामी येतील.

निघण्याआधी तिला हे सांगा

बहुतेक वेळा जोडीदार व्हिसावर जाणारी मुलगी असते. तिकडे त्रास झाला तर व्हिसा त्याच्या हातात आहे, या भीतीने ती गप्प बसते. ऑस्ट्रेलियात पार्टनर व्हिसावरच्या व्यक्तीला हिंसाचारामुळे नातं तुटलं तरी कायम राहण्याचा अर्ज पुढे नेता येतो. ब्रिटनमध्येही जोडीदार व्हिसावरच्या पीडितेसाठी तशी तरतूद आहे, अविवाहित जोडीदारासाठीसुद्धा. फियान्से व्हिसावर असताना मात्र ती लागू होत नाही. म्हणजे कोणत्या दाराने गेलो यावर तिचं संरक्षणही ठरतं. पासपोर्ट, प्रमाणपत्रं आणि व्हिसाचं पत्र यांच्या प्रती तिच्या स्वतःच्या ईमेलमध्ये असू द्या. परराष्ट्र मंत्रालयाचं "मदद" पोर्टल आणि राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांसाठीचा कक्ष, ही दोन नावं तिला माहीत हवीत.

तुमचे दोन प्रश्न

"आमचा साखरपुडा दोन वर्षांपूर्वी झाला, पण तो लंडनला आणि मी अमळनेरला. नवीन नियमात बसेल का?" नुसत्या साखरपुड्यावर अवघड आहे. या दोन वर्षांत किती वेळा भेटलात, किती दिवस एकत्र राहिलात, पैशांचा व्यवहार एकत्र आहे का, यावर ठरेल. यातलं फारसं काही नसेल, तर फियान्से व्हिसा किंवा खरं लग्न हाच सरळ मार्ग.

"आम्ही पुण्यात १४ महिने एकत्र राहतो, पण करार त्याच्या एकट्याच्या नावावर आहे." १४ महिने हे ऑस्ट्रेलिया, कॅनडाच्या हिशोबाने पुरेसे होऊ शकतात. मालकाचं पत्र, त्या पत्त्यावर आलेली तुमची बिलं, खात्यातले व्यवहार जोडा, आणि पुढचा करार आजच दोघांच्या नावाने करा. कॅनडासाठी कॉमन-लॉ असल्याचं शपथपत्रही लागतं.

थोडक्यात, फाईल लावण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा: तिकडचा माणूस कशावर आहे, आपलं नातं आज कायद्याने कुठल्या दारात उभं आहे, आणि तसं दाखवणारा तारखेचा कागद कोणता. तिसरी ओळ रिकामी राहिली तर फी भरू नका, आधी ती भरा. "लगीन व्हयनं का?" हा प्रश्न आपल्याकडे आजी दारात बसून विचारते, तसाच तो व्हिसावालाही विचारतो. आजीला हसून टाळता येतं, पण व्हिसावाल्याला जे खरं आहे तेच सांगा.

पुढच्या भागात आई-वडिलांना तिकडे बोलवायच्या व्हिसाबद्दल बोलू. प्रश्न पाठवत राहा. राम राम.